छोट्या इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि सीट: छाटणीआधी उरकायचं काम

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत औषध मारायचा एक दिवसही चुकवून चालत नाही. फवारणी पंपाचं इंजिन नेमकं तेव्हा रुसतं. सकाळी दोन दोऱ्यांत सुरू होतं, पण टाकी भरायला बंद केलं की गरम असताना पुन्हा सुरू होत नाही. बरेच जण प्लग बदलतात, मग कार्ब्युरेटर साफ करतात, मग कॉइलवर संशय घेतात. दोष बऱ्याचदा व्हॉल्व्हमध्ये असतो. सटाणा-कळवणकडे आगाप छाटणी असते, तिथे हे काम मे महिन्यातच उरकावं. बाकीच्यांना पावसाळ्याचे दिवस सोयीचे.

हा लेख एका सिलिंडरच्या, वर रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारी छोटी तरफ) असलेल्या चार स्ट्रोक पेट्रोल इंजिनासाठी आहे. फवारणी पंप, पाण्याचा पंप, पॉवर वीडर यांवर साधारण हीच बनावट असते. खालची मापं होंडा जीएक्स १६० या १६३ सीसीच्या, ६८ मिमी बोअरच्या इंजिनाची आहेत. तुमचं इंजिन वेगळं असेल तर काम याच क्रमाने करा, पण मापं त्याच्या पुस्तकातली घ्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हॉल्व्ह बंद होताना हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) ज्या कडीवर बसतो ती सीट. व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांना टेकतात तो पट्टा जेमतेम १ मिमी रुंद असतो. स्फोटाचा सगळा दाब तोच अडवतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णताही त्याच वाटेने हेडमध्ये उतरते. पुढची प्रत्येक पायरी त्या पट्ट्यासाठी आहे.

हाताशी काय हवं

- इंजिनाचं माहितीपुस्तक आणि ब्लॉकवर ठोकलेल्या नंबराचा फोटो. दुकानात नुसतं ‘साडेपाच एचपीचं’ सांगितलं तर चुकीचा व्हॉल्व्ह हातात पडतो.
- ८, १०, १२, १४ मिमीचे पाने आणि गोट्या, प्लग पाना, टॉर्क पाना.
- फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), ०.०५ मिमीपासून पुढे. व्हर्नियर, आणि मिळाला तर मायक्रोमीटर.
- व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, जाडी आणि बारीक दोन्ही. रबरी चोखणीची लाकडी दांडी. चोखणी व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा लहान हवी.
- पितळी वायर ब्रश, रॉकेल किंवा डिझेल, पांढरी सुती फडकी, पेन्सिल.
- नवं हेड पॅकिंग, रॉकर कव्हरचं पॅकिंग, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची पॅकिंग. ही आधी आणून ठेवा. जुनं हेड पॅकिंग पुन्हा लावू नका.
- अर्धा-पाऊण लिटर नवं ऑईल.

१. उघडण्याआधी गळती कुठे आहे ते शोधा

पेट्रोलची तोटी बंद करा आणि प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. बेल्ट असेल तर उतरवा.

पहिली तपासणी टॅपेट क्लिअरन्सची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधल्या फटीची. तिला हेड काढावं लागत नाही. रॉकर कव्हर उघडा आणि पायरी ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे थंड इंजिनावर माप घ्या. एखाद्या व्हॉल्व्हला क्लिअरन्स उरलाच नसेल तर आधी तो बरोबर लावून इंजिन चालवून बघा. कधी कधी एवढ्यावरच काम भागतं.

क्लिअरन्स कमी का होतो? व्हॉल्व्ह आणि सीट झिजतात तसा व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत जातो आणि त्याचा दांडा रॉकरकडे सरकतो. फट संपली की रॉकर व्हॉल्व्हला पूर्ण टेकू देत नाही. गरम झाल्यावर दांडा आणखी लांबतो, म्हणून थंडपणी सुरू होणारं इंजिन गरमपणी हट्ट धरतं. तशा अर्धवट उघड्या फटीतून पेटता वायू सुटत राहिला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून खाच पडते.

दुसरी तपासणी हवेची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, प्लगच्या भोकात ॲडॅप्टर बसवा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरून २ ते ३ किलो दाबाची हवा सोडा. फ्लायव्हील झटक्यात फिरू शकतं. ते पक्कं धरून ठेवायला दुसरा माणूस घ्या आणि दोरीच्या मुठीत हात अडकवू नका. आता कान लावा:

- कार्ब्युरेटरमधून सूं-सूं आवाज येतो: इनटेक व्हॉल्व्ह गळतोय.
- सायलेन्सरमधून येतो: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.
- ऑईलच्या भोकातून येतो: रिंगा किंवा बोअर. व्हॉल्व्ह कितीही घासले तरी हे जाणार नाही.
- हेडच्या कडेला साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे येतात: हेड पॅकिंग.

नुसता कॉम्प्रेशन गेज लावून निकाल देऊ नका. या इंजिनांत दोरी हलकी जावी म्हणून कॅमवर डिकॉम्प्रेशनची (सुरू करताना दाब थोडा सोडून द्यायची) सोय असते, तिच्यामुळे गेजचा आकडा मुळातच कमी दिसतो.

२. हेड उतरवणं

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम हेडचे बोल्ट सोडले की ॲल्युमिनियम वाकायची भीती असते. टाकी, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर, सायलेन्सर आणि हवेचा पत्रा काढा. गव्हर्नरची स्प्रिंग आणि सळई कोणत्या भोकात आहे याचा फोटो आधी घ्या. जोडणीच्या वेळी बहुतेकांचा वेळ जातो तो इथेच.

रॉकर ढिले करून पुश रॉड (रॉकरला खालून ढकलणाऱ्या सळया) काढा. एका पुठ्ठ्याला दोन भोकं पाडा, ‘इनटेक’ आणि ‘एक्झॉस्ट’ लिहा आणि रॉड त्यात खोचा. जुने भाग जिथले तिथेच परत जायला हवेत. हेडचे ४ बोल्ट १२ मिमीच्या गोटीने फुलीच्या क्रमाने थोडे थोडे सोडा. हेड चिकटलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. हेड आणि ब्लॉकच्या मधल्या दोन पोकळ पिना सांभाळा.

३. व्हॉल्व्ह काढणं

आधी दहन कक्षातला कार्बन खरवडून घ्या, व्हॉल्व्ह जागेवर असतानाच. म्हणजे ब्रशचा ओरखडा सीटवर उमटत नाही. कार्बन कडक असेल तर हेड रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. छिन्नी आणि लोखंडी ब्रश लांब ठेवा.

आता एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावरची छोटी टोपी उचला. इनटेकला ती नसते. हेड उलटं केलं की ही टोपी कुठे घरंगळली ते कळत नाही आणि ती न बसवता इंजिन जोडलं तर सगळं माप चुकतं. डबीत टाकून झाकण लावा.

व्हॉल्व्हच्या तोंडाखाली लाकडाचा तुकडा किंवा घडी घातलेलं फडकं ठेवा. स्प्रिंगवरची वाटी दोन्ही अंगठ्यांनी खाली दाबा आणि बाजूला सरकवा. वाटीचं भोक किल्लीच्या छिद्रासारखं असतं, एका बाजूला अरुंद, एका बाजूला रुंद. दांडा रुंद भागात आला की वाटी सुटते. स्प्रिंग उडते, तोंड लांब ठेवा. हेड ब्लॉकवर असताना हा उद्योग करू नका, व्हॉल्व्ह सरळ सिलिंडरमध्ये पडतो.

४. घासायचं की बदलायचं, हे आधी ठरवा

अनेकांची चूक इथे होते. व्हॉल्व्ह हातात आला की पेस्ट लावून घासायला बसतात. गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून वर-खाली सरकतो ती नळी) झिजला असेल तर व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी टेकतो. तुम्ही घासून केलेली जागा मग कुणाच्याच उपयोगाची नाही. क्रम ठरलेला आहे: आधी गाईड, मग सीट, शेवटी पेस्ट.

व्हॉल्व्हचा दांडा काचेवर लोळवा. वाकडा असेल तर लगेच दिसतो. मग मापं घ्या:

- इनटेकचा दांडा: नवा ५.४८ मिमी, ५.३१८ च्या खाली गेला तर बाद.
- एक्झॉस्टचा दांडा: नवा ५.४४ मिमी, ५.२७५ च्या खाली बाद.
- गाईडचं भोक: नवं ५.५० मिमी, ५.५७२ च्या पुढे बाद.
- स्प्रिंगची मोकळी लांबी: नवी ३४ मिमी, ३२.५ च्या खाली बाद.

दांडा व्हर्नियरने मोजला तर अंदाज येतो, पण शेवटच्या दोन आकड्यांसाठी मायक्रोमीटर लागतो. वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी मोजा. गाईडचं भोक घरी नीट मोजता येत नाही. नवा व्हॉल्व्ह त्यात घालून थोडा बाहेर काढा आणि हलवून बघा. तो स्पष्ट डुलत असेल तर गाईड गेला.

तोंडाकडे बघा. घासायच्या उतारावर नुसते करडे ठिपके असतील तर ते पेस्टने जातील. नखाला लागणारी खाच किंवा एका जागी वितळल्यासारखा पांढुरका कोपरा दिसला तर व्हॉल्व्ह नवा आणा. उताराच्या वरची उभी कड अर्ध्या मिमीहून पातळ झाली असेल तरीही नवाच. पातळ कड तापून लाल होते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. व्हॉल्व्ह हा यातला स्वस्त भाग आहे, तिथे काटकसर करू नका.

हेडची सपाटीही आताच बघा. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून तिच्याखाली ०.१० मिमीचं पातं घाला. जात असेल तर हेड वाकलं आहे.

५. सीट

सीट म्हणजे ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ठोकून बसवलेली कडक धातूची कडी. तिला तडा असेल किंवा ती हलत असेल तर पुढचं काम मशीन शॉपचं. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींच्या परिसरात मशीनचं काम करणारे पुष्कळ आहेत, पण छोट्या हेडच्या सीटचं काम करता का, हे आधी फोनवर विचारा. जाताना हेड, दोन्ही व्हॉल्व्ह आणि बदलायचे असतील तर नवे गाईडही न्या. गाईड बदलून घेतल्यावरच सीट कापायला सांगा.

सीट तीन कोनांत कापतात. व्हॉल्व्ह टेकतो तो पट्टा ४५ अंशांचा. त्याच्या वरच्या बाजूला ३२ अंश, आतल्या बाजूला ६० अंश. नव्या इंजिनात पट्ट्याची रुंदी ०.८ मिमी असते आणि २ मिमी झाली की सीट संपली. रुंद पट्ट्यावर स्प्रिंगचा जोर वाटला जातो, मधे आलेला कार्बनचा कण चिरडत नाही आणि गळती सुरू होते. फार अरुंद पट्ट्यातून उष्णता उतरत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो.

पट्टा व्हॉल्व्हच्या उतारावर कुठे उमटतो हेही पाहायचं असतं. व्हॉल्व्हच्या उतारावर मार्किंगच्या निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्या, व्हॉल्व्ह सीटवर एकदाच दाबा आणि न फिरवता उचला. खूण उताराच्या मध्यावर यायला हवी. ती बाहेरच्या काठाकडे असेल तर ३२ अंशांच्या कटरने सीट खाली आणतात. दांड्याच्या बाजूला असेल तर ६० च्या कटरने वर नेतात. शेवटचा हलका हात नेहमी ४५ च्या कटरचा.

तुमच्याकडे हातकटरचा संच असेल तर पायलट सळई (कटर सरळ धरणारी) गाईडमध्ये घट्ट बसवा, कटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवा आणि एक-दोन फेऱ्यांनंतर उचलून बघा. उलटा फिरवला तर कटरची धार जाते. कापलेली सीट परत येत नाही, म्हणून पट्टा सलग स्वच्छ दिसला की थांबा.

६. पेस्टने घासणं

पेस्टचं काम शेवटचा हात फिरवण्याचं. खोल खड्डे काढायला पेस्ट वापरली तर व्हॉल्व्हच्या उतारावर खोलगट चर पडतो आणि सीटचा पट्टा रुंद होतो.

दांड्याला ऑईलचा थेंब लावा. व्हॉल्व्हच्या उतारावर तीन-चार ठिकाणी मोहरीएवढी पेस्ट ठेवा. जास्त लावली की ती ओघळून गाईडमध्ये शिरते आणि दांडा खाते. नुकतीच कापलेली सीट असेल तर बारीक पेस्टच पुरते. जुन्या ठिपकेदार सीटला आधी थोडी जाडी.

व्हॉल्व्ह जागेवर ठेवा, चोखणी चिकटवा आणि दांडी दोन तळव्यांत धरून पुढे-मागे फिरवा, ताकातली रवी फिरवावी तशी. जोर नको, हाताचं वजन पुरे. आठ-दहा हेलकावे झाले की व्हॉल्व्ह उचला, पाव फेरा वळवून पुन्हा ठेवा. यामुळे पेस्ट सगळीकडे पसरते आणि एका जागी चर पडत नाही. सुरुवातीला खरखर ऐकू येते. आवाज मऊ पडला की कण झिजले, पेस्ट पुसून बघा. व्हॉल्व्हवर आणि सीटवर सारख्या रुंदीची, कुठेही न तुटलेली फिकट करडी कडी दिसली की काम झालं.

ड्रिल मशीनला दांडा अडकवून घासायचा मोह टाळा. एकाच दिशेने वेगात फिरलेल्या व्हॉल्व्हवर गोल रेघा उमटतात आणि त्या रेघांतूनच वायू सुटतो. इनटेकचा व्हॉल्व्ह इनटेकच्याच सीटवर घासा. घासल्यावर अदलाबदल करू नका.

मग धुणं. रॉकेलने धुवा, साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, गाईडमधून फडक्याची वात ओढा, हवा मारा. पांढरं फडकं सीटवर फिरवून ते पांढरंच राहिलं पाहिजे. उरलेली पेस्ट ऑईलबरोबर फिरून बोअर आणि बेअरिंगही खाते. शेवटी गाईडला ऑईलचा हात द्या.

७. जोडण्याआधी गळती तपासा

पेन्सिलने व्हॉल्व्हच्या उतारावर आठ-दहा आडव्या रेघा मारा. व्हॉल्व्ह सीटवर ठेवून दाबत पाव फेरा फिरवा आणि उचला. सगळ्या रेघा एकाच पट्ट्यात तुटल्या तर बरोबर. एखादी अखंड राहिली तर तिथे व्हॉल्व्ह टेकतच नाही.

मग स्प्रिंगा बसवा. एका टोकाला वेटोळे दाट असतील तर ते टोक हेडकडे. इनटेकच्या गाईडवर रबरी सील असेल तर ते नवं घाला. वाटी सरकवून दांडा अरुंद भागात आणा आणि टोकावर प्लॅस्टिक हातोडीचे दोन हलके ठोके द्या. वाटी नीट बसली नसेल तर ती आताच सुटेल. आता पोर्टचं (कार्ब्युरेटर किंवा सायलेन्सर जोडतात त्या वाटेचं) तोंड वर करून हेड ठेवा आणि पोर्टमध्ये रॉकेल ओता. पाच मिनिटं थांबा. दहन कक्षात व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली नाही तर पुढे जा. थेंब जमला तर व्हॉल्व्ह पुन्हा काढायचा. कंटाळा येतो, पण सगळं जोडल्यावर पुन्हा उघडण्यापेक्षा हे फार सोपं.

८. जोडणी आणि क्लिअरन्स

दोन्ही पोकळ पिना, नवं पॅकिंग, मग हेड. बोल्ट फुलीच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत, शेवटी २४ न्यूटन-मीटर. अंदाजाने आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे चटकन जातात. पुश रॉडचं खालचं टोक लिफ्टरच्या (कॅमवर टेकणाऱ्या तुकड्याच्या) खोबणीत बसल्याचं बोटाला जाणवलं पाहिजे. एक्झॉस्टची टोपी बसवली का, पुन्हा बघा.

प्लग काढलेला ठेवून त्याच्या भोकावर अंगठा धरा आणि इंजिन हळू फिरवा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की कॉम्प्रेशनचा फेरा सुरू झाला. मग स्टार्टर पुलीवरची त्रिकोणी खूण पंख्याच्या झाकणाच्या वरच्या भोकाशी आणा. दोन्ही रॉकर किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर बहुतेक तुम्ही एक्झॉस्टच्या फेऱ्याच्या टोकाला आहात. दोरी आणखी एक फेरा फिरवा. चुकीच्या फेऱ्यावर क्लिअरन्स लावणं हा या कामातला सगळ्यात मोठा सापळा.

थंड इंजिनावर इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. दोन्हींत ०.०२ इकडे-तिकडे चालतं. पातं ओढताना किंचित अडखळलं पाहिजे. इनटेकमध्ये ०.१५ चं पातं जावं आणि ०.१८ चं जाऊ नये. क्लिअरन्स रॉकरच्या मधल्या पिव्हट नटाने लावतात आणि वरच्या लॉक नटाने पक्का करतात. लॉक नट आवळताना पिव्हट थोडा फिरतोच, म्हणून १० न्यूटन-मीटरने आवळल्यावर माप पुन्हा घ्या. मग हाताने दोन पूर्ण फेरे देऊन आणखी एकदा घ्या.

जुन्या पेट्रोल-रॉकेल इंजिनांत व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच उभे असतात. त्यांपैकी अनेकांना क्लिअरन्सचा स्क्रू नसतो, दांड्याचं टोक घासून फट मिळवतात. तिथे थोडं थोडं घासा आणि दर वेळी मापा. जास्त गेलं तर व्हॉल्व्ह वाया.

९. सुरू करताना

ऑईल बदला, साधारण ०.६ लिटर लागतं. प्लगचं अंतर ०.७ ते ०.८ मिमी. बेल्ट न चढवता दहा मिनिटं चालवा. कार्ब्युरेटरमधून थुंकल्यासारखा आवाज आला तर इनटेकचा, सायलेन्सरमध्ये फटाके वाजले तर एक्झॉस्टचा क्लिअरन्स पुन्हा बघा. पूर्ण थंड झाल्यावर एकदा, आणि चार-पाच तास काम झाल्यावर आणखी एकदा माप घ्या. नव्याने घासलेली जागा सुरुवातीला जरा बसते. त्यानंतर दर ३०० तासांनी किंवा वर्षातून एकदा.

जुना व्हॉल्व्ह जळला होता, त्याचं कारण तसंच ठेवू नका. कार्ब्युरेटरचा जेट तुंबला असेल किंवा पॅकिंगमधून हवा आत येत असेल तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. हेडच्या फिन्समध्ये वाळलेला पाला आणि औषधाचा थर बसला असेल तरी तेच. भुरीसाठी गंधकाची धुरळणी करताना आणि वीडरने कोरडी माती उडवताना एअर फिल्टर रोज उघडून बघा. फिल्टरमधून आत गेलेली धूळ सीटवर व्हॉल्व्ह पेस्टसारखंच काम करते, फक्त ती थांबत नाही.

हंगाम संपून इंजिन ठेवताना दोरी हळू ओढा आणि जोर लागेल तिथे सोडा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि पावसाळी दमट हवा सीटपर्यंत पोचत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडच्या ओलसर गोठ्यात ठेवणार असाल तर त्याआधी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल घालून दोन-तीनदा दोरी फिरवा, मग प्लग लावा.